पिशवीत काय न्यायचं आणि घरात काय ठेवायचं: घरी जाऊन व्यायाम शिकवण्याचं एक प्रकरण

घरात शिकणारी माणसं दोन. आई ६३ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांत संधिवात, रक्तदाब गोळीवर आटोक्यात, डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही असं लिहून दिलेलं. मुलगा ३४ वर्षांचा, वजन ७८ किलो, दिवसभर संगणकासमोर, शाळा सुटल्यापासून व्यायाम असा नाहीच. दोघांचे तास पाठोपाठ, एकाच हॉलमध्ये. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सोफा भिंतीला सरकवला की मोकळी फरशी मिळते ती जेमतेम दोन मीटर बाय अडीच मीटर. मी आठवड्यातून दोन दिवस जायचं आणि आणखी एक दिवस दोघांनी आपलं आपण करायचं, असं ठरलं.

मुलाने फोनवरच यादी वाचून दाखवली होती. लटकून व्यायाम करायचे पट्टे, फुगवायचा मोठा बॉल, पोटाचं चाक, केटलबेल (वर मूठ असलेलं गोळ्यासारखं लोखंडी वजन). "मॅडम, हे सगळं तुमच्याकडे असेलच ना?" बरंचसं होतं. पण यादीपासून सुरुवात केली की निवड उलटी होते. आधी वस्तू येते आणि मग तिच्यासाठी व्यायाम शोधत बसावं लागतं. शिवाय यादीतल्या वस्तू तीन मजले चढवायच्या कोणी, हा प्रश्न शिकणाऱ्याला सहसा पडत नाही.

आधी घर

पहिल्या भेटीत मी पिशवी आणलीच नव्हती. मोजपट्टी, रक्तदाबाचं यंत्र आणि वही, एवढंच. शरीराच्या मुख्य हालचाली मोजक्या आहेत: बसणं-उठणं, कमरेतून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, पायरी चढणं, हातात वजन घेऊन चालणं. प्रत्येकीपुढे एकच प्रश्न लिहायचा. ह्या घरातली कोणती वस्तू हे काम करेल?

बसण्या-उठण्याला जेवणाच्या टेबलाची खुर्ची होती. लाकडी, जड, हात नसलेली, बैठक ४५ सेंटिमीटर उंच. ढकलायला भिंत होती, नंतर ओट्याची कड, मग टेबल. चढायला दाराबाहेर तीन मजले. वजन घेऊन चालायला पाण्याचे पाच लिटरचे कॅन होते आणि पाण्याइतकं प्रामाणिक वजन दुसरं नाही, एक लिटर म्हणजे एक किलो. वाकून उचलायलाही तेच कॅन.

ओढायला मात्र काहीच नव्हतं. हे ह्याच घराचं नाही, बहुतेक घरांचं असतं. भिंत ढकलता येते, ओढता येत नाही. जिममध्ये त्यासाठी केबलचं यंत्र असतं, बार असतो. घरात हात समोर नेऊन मागे खेचावा अशी मजबूत वस्तू नसते, आणि दिवसभर पुढे वाकून बसणाऱ्या माणसाला नेमकी तीच हालचाल हवी असते. त्यामुळे घरगुती शिकवणीत साधनांवर डोकं लढवायचं तर पहिल्यांदा ओढण्यावर.

दुसरी उणीव बारकाईची होती. घरातली वस्तू एकतर असते किंवा नसते, तिचं वजन थोडं थोडं वाढत नाही. तिसरी उणीव काकूंपुरती, म्हणजे मुलाच्या आईपुरती. जिन्याची पायरी १७ सेंटिमीटर उंच, आणि त्या उंचीवर त्यांचा उजवा गुडघा "करकर नाही, पण दम धरत नाही" असं त्यांचंच म्हणणं. म्हणजे त्याहून ठेंगणी पायरी लागणार. एवढ्या तीन उणिवा भरल्या की काम झालं. बाकीची वस्तू कितीही चांगली असली तरी ह्या घरात ती ओझंच ठरणार होती.

काकूंची तीस सेकंदांची उठबस चाचणी घेतली. हात छातीशी घडी घालून, तीस सेकंदांत खुर्चीवरून पूर्ण उभं किती वेळा राहता येतं ते मोजायचं. चाचणी साधारण ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवर ठरवलेली आहे आणि ६० ते ६४ वर्षांच्या बायकांसाठी १२ पेक्षा कमी आकडा सरासरीच्या खाली धरतात. काकूंचा आकडा ८ आला, तोही दोन सेंटिमीटर जास्त उंच खुर्चीवर. बैठक उंच तेवढं उठणं सोपं, म्हणून वहीत आकड्याशेजारी खुर्चीची उंचीही लिहिली. पुढची चाचणी ह्याच खुर्चीवर घ्यायची, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

दार

ओढण्याचा व्यायाम घरात आणायचा तर बँड, म्हणजे ताणायचा रबरी पट्टा, किंवा लटकायचा पट्टा कुठेतरी अडकवावा लागतो आणि बहुतेक वेळा ते 'कुठेतरी' म्हणजे दार. दारात अडकवायच्या पट्ट्याच्या एका टोकाला जाड गाठ असते. ती दाराच्या पलीकडे ठेवून दार लावलं की पट्टा फटीतून आपल्या बाजूला येतो. सोपं वाटतं. पण दार कुठल्या बाजूला उघडतं ह्यावर सगळं अवलंबून आहे.

नियम असा, की आपण ओढू तेव्हा दार चौकटीत आणखी घट्ट बसलं पाहिजे. म्हणजे दार आपल्यापासून दूर उघडणारं हवं. आपल्याकडे उघडणारं दार ओढलं तर सगळा ताण कुलपाच्या जिभेवर येतो, आणि ती जीभ ह्या कामासाठी बनलेली नसते. पट्टा कुलपाच्या बाजूला न घालता बिजागरीच्या बाजूला घालायचा.

ह्या घरातलं सर्वांत भक्कम दार बाहेरचं, सागवानी. ते आत उघडतं. म्हणजे सुरक्षित बाजू जिन्यावरची, आणि काकूंना शेजाऱ्यांच्या येण्याजाण्यात जिन्यावर उभं करून बँड ओढायला लावणं शक्य नव्हतं. न्हाणीघराचं दार प्लॅस्टिकचं, ते बाद. राहिली दोन झोपायच्या खोल्यांची दारं. दोन्ही खोलीच्या आत उघडणारी, म्हणजे हॉलमध्ये उभं राहून ओढायला योग्य. त्यातल्या एका खोलीत आमच्या तासाच्या वेळी काका झोपलेले असतात. पट्टा अडकवलेल्या दाराला हॉलच्या बाजूने कडी घालावीच लागते, कारण पलीकडून कुणी दार उघडलं तर गाठ सुटून पट्टा थेट ओढणाऱ्याच्या तोंडावर येतो. झोपलेल्या माणसाला कोंडून व्यायाम करायचा नाही, म्हणून तीही खोली बाद. उरलं एक दार. साधं फ्लश डोअर, आतून पोकळ, तीन बिजागऱ्या.

मुलाचे लटकायचे पट्टे इथेच अडले. हे पट्टे वाईट नाहीत. टीआरएक्स नावाने ते जगभर गेले त्याची सुरुवातच जिमपासून लांब राहणाऱ्या माणसापासून झाली. अमेरिकी नौदलाच्या सील पथकातल्या रँडी हेट्रिक यांनी १९९७ मध्ये जुजुत्सूचा कंबरपट्टा आणि पॅराशूटची पट्टी जोडून पहिला नमुना केला होता. वजन किलोभराच्या आत, घडी मुठीत मावणारी. पिशवीच्या दृष्टीने ह्याहून चांगलं साधन सापडायचं नाही. पण पट्टा हलका असला तरी त्याला लटकणारा माणूस हलका नसतो. जमिनीशी ६० अंशांचा कोन करून मागे झुकलं तर ढोबळ हिशोबाने शरीराच्या वजनाचा तिसरा हिस्सा पट्ट्यावर येतो, ४५ अंशांवर जवळपास निम्मा. ७८ किलोच्या माणसाचे २६ ते ३८ किलो, तेही झटक्याझटक्याने, पोकळ दाराच्या वरच्या बिजागरीवर. मी नकार दिला. मुलगा थोडा हिरमुसला. "सगळे तेच वापरतात," असं म्हणाला. वापरतात, पण छताच्या तुळईला किंवा भक्कम दाराला लावून.

काकूंच्या बँडचा ताण मात्र सुरुवातीला दोन-तीन किलोंचा. तेवढा भार ते दार आरामात घेत होतं. एकाच दारावर आईला हो आणि मुलाला नाही, असा निकाल लागला.

बँड

"अगं, ह्या रबराने काय होणार? लहान मुलांचा खेळ वाटतो," असं काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मी बँड त्यांच्या हातात देण्याआधी मात्र वेगळंच विचारलं. फुगा फुगवताना किंवा रबरी हातमोजे घातल्यावर कधी खाज, पुरळ? "भांडी घासायचे मोजे टाकून दिले ना मी, मनगटं लाल होतात." म्हणजे नैसर्गिक रबराचा, लॅटेक्सचा संशय. अशा लोकांपैकी काहींना केळं किंवा किवी खाल्ल्यावरही तोंडात खाज सुटते, म्हणून तेही विचारून घेतलं. काकूंसाठी लॅटेक्स नसलेला बँड मागवला. तो थोडा कमी लवचीक असतो, पण चालतो. हा प्रश्न साधन घेण्याआधी विचारायचा असतो, पुरळ आल्यावर नाही.

आता आकार. सपाट लांब पट्टी सर्वांत हलकी आणि बहुपयोगी, पण ती हाताला गुंडाळून धरावी लागते आणि बोटांच्या सांध्यांवर दाब येतो. काकूंच्या अंगठ्याच्या मुळाशीही संधिवाताची सुरुवात आहे. त्यांना नळीचा बँड आणि फोमची जाड मूठ हीच निवड योग्य होती. नळीच्या बँडची दुखरी नस म्हणजे मूठ आणि नळी जोडतात ती जागा. आत एक गुंडी बसवलेली असते आणि नळी बहुधा तिथेच फाटते. तासाआधी मी तो जोड बोटांनी दाबून पाहते, नळी उजेडापुढे थोडी ताणून पाहते. पांढुरका ओरखडा किंवा बारीक चीर दिसली की बँड थेट कचऱ्यात. बँड तुटून डोळ्याला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत, त्यामुळे ह्यात काटकसर करत नाही. ऊन, घाम, उष्णता, तिन्ही गोष्टी रबराला म्हातारं करतात, म्हणून स्कूटरच्या डिकीत बँड ठेवायचे नाहीत. धुवायला फक्त साबणाचं पाणी.

रंगांबद्दल मात्र जरा थांबून सांगावं लागेल, कारण गोंधळ इथे सर्वांत जास्त आहे. थेराबँडच्या पट्ट्यांत पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा, चंदेरी, सोनेरी असा ताण चढत जातो. मूळ लांबीच्या दुप्पट ताणल्यावर पिवळ्याचा ताण सुमारे १.३ किलो, सोनेरीचा सुमारे ६.५ किलो. पण ही त्या एका कंपनीची पद्धत. दुसऱ्या कंपनीचा हिरवा सर्वांत हलका असू शकतो, तिसरीचा सर्वांत जड. "हिरवा वापरा" असं वहीत लिहून ठेवणं म्हणजे काहीच न लिहिणं.

मी सामान तोलायचा हुकाचा काटा वापरते, प्रवासी बॅगा मोजायला मिळतो तोच. बँडचं एक टोक कडीला, दुसरं काट्याला, शेजारी मोजपट्टी. लांबी दुप्पट झाली की आकडा वाचायचा. काकूंच्या लॅटेक्सविरहित हिरव्या नळीला दोन किलोंच्या आसपास आला. माझ्याकडच्या जुन्या संचातल्या हिरव्या नळीला जवळपास दुप्पट. रंग एक, नाव एक, आणि एकीने काकूंची पाठ तयार झाली असती तर दुसरीने खांदा धरला असता. आता प्रत्येक बँडवर कापडी चिकटपट्टीचा तुकडा आहे आणि त्यावर किलोंचा आकडा.

त्याच चिकटपट्टीचा दुसरा तुकडा हॉलच्या फरशीवर. बँडचा ताण लांबीवर ठरतो. काकू आज एक पाऊल मागे उभ्या राहिल्या आणि परवा एक पाऊल पुढे, तर तोच बँड दोन दिवसांत दोन वेगळी वजनं होतो. पावलांच्या खुणा केल्या की मगच "मागच्या वेळेपेक्षा दोन वेळा जास्त ओढलं" ह्या वाक्यावर विश्वास ठेवता येतो. वाढवायचं असेल तर खूण दहा सेंटिमीटर मागे न्यायची. एवढी बारीक वाढ डंबेलमध्ये मिळत नाही, आणि बँड पिशवीत ठेवण्याचं माझ्या लेखी हेच खरं कारण आहे.

बँड उठबशीला लावावा का, हे मुलाने विचारलं. बँड जसजसा ताणेल तसतसा जड होतो. खुर्चीवरून उठताना खालचा भाग कठीण असतो आणि वर येताना शरीराला जोर मिळतो. म्हणजे बँड तिथेच जड होतो जिथे माणूस आधीच ताकदवान आहे. मुलाला ते चाललं असतं. काकूंची अडचण तळाशी, बूड खुर्चीवरून सुटतानाची, आणि तिथे बँड जवळपास सैल असतो. त्यांच्यासाठी साधन निघालं ते घट्ट गादीची पाच सेंटिमीटरची उशी. ती ठेवली की बैठक ५० सेंटिमीटर, काढली की ४५. भार वाढवायचा म्हणजे उशी काढायची.

वजन कुठे राहावं

मुलाला खरं वजन लागणार होतं आणि ते मी वाहून नेणार नव्हते. अमेरिकेतल्या नायोश ह्या कामगार सुरक्षा संस्थेच्या उचलण्याच्या सूत्रात सर्वांत अनुकूल परिस्थितीतली मर्यादा २३ किलो धरली आहे. वस्तू अंगाजवळ, वळावं न लागता, फार वेळा नाही, अशी परिस्थिती. खांद्याला लटकणारी पिशवी घेऊन दिवसभर एकामागून एक जिने चढणं ह्यातल्या कशातच बसत नाही. मी स्वतःला सहा किलोंची मर्यादा घालून घेतली आहे, आणि एक हात कठड्यासाठी मोकळा हवा. व्यायाम शिकवणाऱ्यांची कंबर शिकवताना कमी आणि सामान नेताना जास्त दुखते, असं माझ्या ओळखीतल्या पुष्कळांचं झालंय.

म्हणून वाटणी अशी केली, की वजन त्यांच्या घरात राहील आणि ताण माझ्या पिशवीतून येईल. 'पोर्टेबल' म्हणजे सगळंच हलवता आलं पाहिजे, हा समज सोडला की अर्धे प्रश्न सुटतात. ह्यात स्वच्छताही आली. अंगाखाली येणारी चटई, मूठ, पायाला घासणारा पट्टा, ह्या वस्तू ज्याच्या त्याच्या घरीच बऱ्या.

मुलाने आटे फिरवून प्लेट बसवायच्या डंबेलची जोडी घेतली. दांडी प्रत्येकी दोन किलोंची, सव्वा किलोच्या चार प्लेट, अडीच किलोच्या चार आणि माझ्या आग्रहाने अर्ध्या किलोच्याही चार. ह्या शेवटच्या चार त्याला हास्यास्पद वाटल्या. हिशोब बघा. अर्ध्या किलोच्या प्लेट नसतील तर साडेनऊ किलोंनंतरचा टप्पा बारा, म्हणजे सव्वीस टक्क्यांची उडी. त्या असतील तर साडेदहा, म्हणजे साधारण साडेदहा टक्के. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची शिफारस अशी, की ठरवलेल्यापेक्षा एकदोन आवर्तनं जास्त होऊ लागली (एक आवर्तन म्हणजे ती हालचाल एकदा पूर्ण करणं) की भार २ ते १० टक्क्यांनी वाढवावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांवर उपचार करताना टॉमस डिलॉर्म ह्या लष्करी डॉक्टरांनी हळूहळू भार वाढवण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून सगळा कणा ह्या 'हळूहळू'चाच आहे. साधनात लहान टप्पा नसेल तर पद्धत कागदावरच राहते. एक ते दोन आणि दोन ते तीन किलोंचे तयार डंबेल घेणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, की तिथे उडी शंभर आणि पन्नास टक्क्यांची आहे. काकू नुसती दांडी वापरतात. दोन किलो, पकडायला खरबरीत, त्यांना पुरेशी.

डायल फिरवून वजन बदलणारे डंबेल मुलाला जास्त आवडले होते. जागा कमी, बदल झटपट. पण ते आपटून चालत नाहीत, आतली यंत्रणा बिघडते, आणि नवखा माणूस दमला की शेवटच्या आवर्तनाला डंबेल टाकतोच. आट्यांच्या दांडीचा दोष वेगळा. प्रत्येक संचानंतर, म्हणजे सलग केलेल्या आवर्तनांनंतर, प्लेट अडवणारी आट्यांची चकती थोडी सैल होते, ती घट्ट केल्याशिवाय पुढचा संच सुरू करायचा नाही. आणि पंखा. पात्याखालची उंची २.४ मीटर. डंबेल धरून त्याने हात वर केला की पातं पंज्याच्या अंतरावर. डोक्यावर ढकलायचा व्यायाम तो खुर्चीत बसूनच करतो. दोरीउडी ह्याच कारणाने गेली, खालच्या मजल्याचा विचार तर नंतरचा.

मुलाची ओढण्याची अडचणही डंबेलनेच सुटली. एक हात खुर्चीच्या बैठकीवर टेकवून, पाठ सपाट ठेवून, दुसऱ्या हाताने डंबेल कमरेकडे ओढायचं. दार लागत नाही, बिजागरी लागत नाही. लटकायच्या पट्ट्यांची आठवण त्याने त्यानंतर काढली नाही.

बाकीचं, थोडक्यात

काकूंसाठी दहा सेंटिमीटर उंचीची स्टेप, म्हणजे चढउतार करायची सुटी पायरी, घेतली, खाली पाच सेंटिमीटरचे ठोकळे लावून वाढणारी. वजन चार किलोंच्या पुढे, आकार अवघड, म्हणून तीही त्यांच्याच घरी, सोफ्याखाली. चटई सहा मिलिमीटरची. पंधरा मिलिमीटरची मऊ चटई लोक गुडघ्यांच्या काळजीने घेतात, पण तिच्यावर उभं राहिलं की घोटा डगमगतो. गुडघा टेकायचा असेल तेव्हा पातळ चटईची दुहेरी घडी करता येते, जाड चटई पातळ करता येत नाही. चटईची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसायची, कारण फरशीवरची धूळ बसली की तीच चटई सरकते.

बॉल नाही. ५५ सेंटिमीटरचा बॉल फुगवून ठेवायला ह्या हॉलमध्ये जागा नव्हती आणि उठताना तळाशी अडणाऱ्या बाईला घरंगळणाऱ्या वस्तूवर बसवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. पोटाचं चाक नाही, दिवसभर बसून कंबर धरणाऱ्या नवख्याला ते पहिल्या महिन्यांत नकोच. मांड्यांभोवती घालायचे छोटे रबरी बँड कापडावर गुंडाळी होऊन वर सरकतात, त्यांच्या जागी कापडी घेतले. मुलाने आधीच आईसाठी मागवलेली दोन-दोन किलोंची घोट्याची वजनं कपाटात होती. खुर्चीत बसून पाय सरळ करताना काकूंना त्यांनी गुडघ्याच्या वाटीखाली कळ येत होती. ती मुलाच्या पाठपिशवीत गेली, जिना चढताना.

साधन निवडताना मी आणखी एक चाळणी लावते, आणि ती सहसा कुणी विचारत नाही. मी नसताना हे साधन कसं वागेल? आठवड्याचा तिसरा दिवस त्यांचा. त्या दिवशी दाराचा पट्टा लावायचा नाही, असा सरळ नियम. गाठ नीट बसली की नाही, कडी घातली की नाही, हे पाहणं माझं काम. त्या दिवसासाठी खुर्ची, भिंत, स्टेप, डंबेल आणि पाण्याचा कॅन. काकू कॅन घेऊन हॉल ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या मारतात. अर्धा भरलेला मोठा कॅन डुचमळतो आणि तोल जातो, म्हणून आधी लहान कॅन काठोकाठ भरून, मोठा नंतर.

रक्तदाबाचं यंत्र पिशवीत कायम असतं. दंडाला पट्टा बांधायचं, मनगटाचं नाही. तासाआधी पाच मिनिटं शांत बसवून मोजायचं. विश्रांतीतला वरचा रक्तदाब २०० किंवा खालचा ११० च्या वर असेल तर व्यायाम करू नये, ही सर्वसाधारण सीमा. मी तिच्या बरीच अलीकडे थांबते आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन करायला सांगते. ओढताना-उठताना श्वास रोखायचा नाही, जोर लावताना सोडायचा. काकू मोठ्याने आकडे मोजतात, त्यामुळे श्वास आपोआप सुटतो.

बारा आठवड्यांत काय बदललं

मधल्या काळात दाराने कुरबूर केली. तास सुरू होण्याआधी मी पट्टा अडकवून हातांनी जोर लावून दोन-तीनदा ओढून पाहते. एके दिवशी वरच्या बिजागरीतून बारीक टकटक ऐकू आली. पाहिलं तर दोन स्क्रू अर्धा आटा बाहेर आलेले. चौकटीत लांब स्क्रू घालून घेतले, तोवर काकूंचा बँड खोलीच्या खिडकीच्या गजांना. गजांना बँड थेट बांधायचा नाही, रंगाचे पोपडे आणि गंज रबर कापतात. आधी नायलॉनच्या पट्टीचा फास, त्याला लोखंडी हूक आणि हुकात बँड. दार दुरुस्त झाल्यावरही काकूंना खिडकीच बरी वाटली, बाहेर बघत ओढता येतं. मी गज हलवून, भिंतीतला जोड पाहून हो म्हटलं. दाराचा पट्टा आता पिशवीतून बाहेर आहे आणि कडीचा, झोपलेल्या काकांचा, उघडण्याच्या दिशेचा, सगळाच घोळ संपला.

त्याच खुर्चीवर, उशीशिवाय, काकूंची उठबस ८ वरून ११ झाली. १२ च्या रेषेच्या अजून एक खालीच, पण हात न टेकता. स्टेपखाली ठोकळ्यांची पहिली जोडी लागली, म्हणजे पंधरा सेंटिमीटर, जिन्याच्या पायरीपेक्षा दोनने कमी. नळीच्या खुणा मागे सरकत गेल्या आणि मग एक टप्पा जड नळी आली. दुप्पट लांबीला तीन किलोंच्या आसपास, तीही काट्यावर तोलून. त्यांचं पुढचं मागणं जमिनीवरून आपलं आपण उठण्याचं आहे. त्याला नवीन साधन लागणार नाही, स्टेप आणि खुर्ची शेजारी शेजारी ठेवून गुडघा-हात-पाय असा क्रम शिकवायचा आहे.

मुलगा एका हाताने ओढण्यात साडेनऊवरून साडेचौदावर आला. त्याने आता सोळा किलोंच्या केटलबेलचा विषय पुन्हा काढला आहे. सोळा किलो म्हणजे जुन्या रशियन मापातला जवळपास एक पूड, केटलबेलचं नेहमीचं पहिलं वजन. झुलवायच्या व्यायामासाठी ती उत्तम, पण ह्या हॉलमध्ये झुलवायला पुढे-मागे जागा सुरक्षित नाही आणि ओढण्या-बसण्यासाठी ती काही महिन्यांतच अपुरी पडेल, वाढवताही येणार नाही. त्यापेक्षा पाच किलोंच्या दोन प्लेट घ्याव्यात असं मी सांगितलंय. त्याआधी दांडीची मोकळी लांबी मोजायला हवी. सगळ्या प्लेट चढवून चकती घट्ट केल्यावर तिच्या बाहेर निदान दोन आटे दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर प्लेट नाही, लांब दांडी घ्यायची.